सहावं बाकडं

आमच्या तेल संघात तेल सोडून बाकी सगळं होतं. परंड्याच्या रस्त्याला लागून चार एकरांचं आवार होतं. आवाराला कमान होती आणि कमानीवर चेअरमनचं नाव संघाच्या नावापेक्षा वीतभर मोठ्या अक्षरांत होतं. आत घाणे होते, मोटारी होत्या, करडई साठवायला गोदाम होतं. फक्त करडई नव्हती. ती यायला पाऊस लागतो, आणि पाऊस काही संघाचा सभासद नव्हता. भोंगा मात्र रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला इमानानं वाजायचा. मधल्या नऊ तासांत आम्ही काय करायचो, हे भोंग्यानं कधी विचारलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ लोकांच्या तोंडात अजून ताजा होता आणि नवा येऊन उंबऱ्यावर बसला होता, त्या काळातली ही गोष्ट. मी बी. ए. झालो आणि संघात कारकून म्हणून लागलो. बाप तामलवाडीकडं सालगडी. आमच्या खानदानात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. त्यामुळं पदवीची गुंडाळी बगलेत मारून मी त्या कमानीखालून आत शिरलो तो साधारण राजासारखा.

कचेरीपुढं चार गुंठे हिरवळ होती. तिची कथा अशी की आमचे चेअरमन आबासाहेब आणि संचालक मंडळ पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या अभ्यास दौऱ्यावर गेलं होतं. दहा दिवस जीपमधून अभ्यास केला. तिकडचं गाळप, तिकडची शिस्त, तिकडचं वेळेवर कामाला येणं हे सगळं तिकडंच राहिलं. इकडं आली ती हिरवळ. तिच्यावर सहा लोखंडी बाकडी मांडली, त्यांना हिरवा ऑईलपेंट दिला आणि सहकाराचं एक मोठं पाऊल पुढं पडलं.

पहिल्या दिवशी ऑर्डर हातात घेऊन मी त्यातल्या एका बाकड्यावर बसलो. नवी टेरिलीनची पँट होती.

"उठा सायेब," कुणीतरी माझ्याखालून म्हणालं.

मी दचकून उठलो. वाकून बघतो तर बाकड्याखाली एक माणूस उताणा पडलेला. छातीवर डालड्याचा डबा, हातात मोडक्या करवतीच्या पात्याचा तुकडा, आणि भुवया, मिशा, पापण्या सगळ्यांवर तांबडी भुकटी.

"तिथं खाली काय करताय काका?"

"बाकड्याचं त्वांड खाली असतंय. वर निस्ती पाट. त्वांड धुवायलाव."

हे सोपानकाका. संघाचे रंगारी. वय पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं, अंगानं वाळलेल्या तुरीच्या काडीसारखे, आणि अंगात एक खाकी शर्ट ज्याचा मूळ रंग शोधायचा तर तोही खरवडावा लागला असता. नऊ वर्षं ते रोजंदारीवर होते. मंत्री येणार असला की आबासाहेब म्हणायचे, "सोपाना, ह्या मीटिंगला तुला कायम करतो." मंत्री येऊन जायचे, मीटिंगही होऊन जायची, आणि सोपानकाका कायम रोजंदारीवर राहायचे. म्हणजे एका अर्थानं आबासाहेब शब्दाचे पक्के होते.

कधीकाळी ते कुर्डुवाडीला रेल्वेचे डबे रंगवायला होते. एकूण अकरा महिने. पण बोलायचे असे, की तिथूनच रिटायर होऊन पेन्शन खातायत. दाराची कडी असो, कपाट असो, आबासाहेबांची जीप असो, समोर आली की बोटाच्या पेरानं ठोकायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "रेल्वेत असलं चालत न्हाय." एकदा मॅनेजरसाहेबांचं नवं घड्याळ बघूनही तेच म्हणाले. ते मात्र रेल्वेत चालत असावं, पण त्यांच्यापुढं बोलणार कोण?

माझं शिक्षण कळल्यावर त्यांनी माझं नाव टाकून दिलं आणि मला 'बीएसायेब' म्हणायला लागले. त्यात मान किती आणि चिमटा किती, हे मला दीड वर्षात नीट कळलं नाही.

"बीएसायेब, गंजाला कालिजात काय म्हणत्यात?"

"आयर्न ऑक्साईड," मी छाती काढून सांगितलं.

"आसं म्हणलं की निघतो का?"

त्यानंतर मी त्यांना कॉलेजातलं काही सांगायला गेलो नाही.

गंज काढायची त्यांची रीत म्हणजे एक संप्रदायच होता. आधी बाकड्याभोवती हात मागं बांधून तीन फेऱ्या. मग खिळ्याच्या टोकानं रंगाला जागोजाग टोचायचं. रंग फुगलेला दिसला की म्हणायचे, "इथं उंदीर हाय." फुगा फुटायचा, आतून तांबडी भुकटी पडायची. मग पात्यानं खरवड, मग तारेचा ब्रश, मग काचपेपर, मग रॉकेलचा बोळा. कोपऱ्याकापऱ्यांत चिंचेचा कोळ नि मीठ चोळून ठेवायचे. जो रंग धडधाकट आहे त्याला हात लावायचा नाही, "चांगल्या मानसाला कशाला उगं नागडं करायचं?" पण धड रंग आणि उघडं लोखंड जिथं भेटतात ती कड इतकी घासायची, की डोळे मिटून अंगठा फिरवला तर कळू नये इथं रंग संपला म्हणून. डोळे मिटून अंगठा फिरवणं ही त्यांची परीक्षा. अंगठा कुठं अडला तर परत काचपेपर. अडला नाही तर अस्तर, म्हणजे तांबडा रेडाक्साइड. ते वाळलं की मग रंगाचे दोन हात.

"आधी आंगूळ, मग कापडं," ते म्हणायचे. "ह्येंला निस्ती कापडं घालायची घाई."

'ह्येंला' म्हणजे आबासाहेब, मॅनेजर आणि एकूण सहकारी चळवळ.

मी लागलो त्याच वर्षी कुठलेतरी राज्यमंत्री अचानक येतो म्हणाले. मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढलं, उद्यापर्यंत बाकडी रंगवा. सोपानकाका म्हणाले, चार दिवस लागतील. मॅनेजर म्हणाले, गंजावरूनच मारा एक हात, मंत्री काय खाली वाकून बघणार आहेत?

"गंजावर रंग म्या लावत न्हाय."

"अहो, कुणाला दिसतोय?"

"बाकड्याला दिसतोय की."

मॅनेजरसाहेबांनी बार्शीहून दुसरा रंगारी आणला. त्यानं दोन तासांत सहाही बाकडी चकाचक केली. मंत्र्यांनी वाखाणणी केली. महिन्याभरात बाकड्यांना कांजिण्या आल्यासारखे फुगे आले. एका दुपारी सोपानकाका खिळा घेऊन मॅनेजरच्या खिडकीपुढच्या बाकड्याजवळ उकिडवे बसले आणि एकेक फुगा फोडत मोठ्यानं मोजायला लागले. "ह्यो एक उंदीर... ह्यो दुसरा..." आकडा चाळिशीच्या पुढं गेल्यावर मॅनेजरसाहेबांनी खिडकी लावून घेतली. भर वैशाखात.

मोजून झाल्यावर काकांनी सहाही बाकडी मुळापासून घासून पुन्हा रंगवली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "फुगा फोडला तर मलम कोन लावंल?" एवढंच म्हणाले.

आता आबासाहेबांच्या झोपाळ्याचं सांगतो, म्हणजे आमच्याकडं कुठल्या गोष्टीवर किती पाणी खर्च व्हायचं ते कळेल.

सोपानकाका बौद्ध. त्यांची वस्ती संघापासून कोसभर. छप्पन्न सालाच्या मागंपुढं सगळ्या वस्तीनं धर्म बदलला होता. गावानं मात्र आपली नजर बदलायची घाई केली नव्हती. संघाच्या कमानीवर 'सर्व सभासद समान' असं सोपानकाकांनीच सुंदर अक्षरांत रंगवलं होतं, आणि त्यांचा चहाचा कप बाहेर लिंबाच्या झाडाला खिळ्यावर टांगलेला असायचा. तो वेगळा आहे असं कुणी म्हणत नसे. तो फक्त तिथं असायचा.

आबासाहेबांच्या घरापुढच्या अंगणात लोखंडी झोपाळा होता. पावसानं गंजला म्हणून सोपानकाकांना बोलावलं. त्यांनी सकाळभर घासून लोखंड चांदीसारखं काढलं आणि भाकरी खायला झाडाखाली गेले. तेवढ्यात आबासाहेबांच्या मातोश्री, त्यांना सगळे आईसाहेब म्हणायचे, बाहेर आल्या आणि त्यांनी गड्याकरवी झोपाळ्यावर दोन घागरी पाणी ओतवलं. का, ते सांगायला नको. उघड्या लोखंडाला पाणी लागल्यावर व्हायचं तेच झालं. काका भाकरी खाऊन येतात तर झोपाळा तांबूस. त्यांनी पुन्हा घासला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन घागरी. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ब्रश खाली ठेवून काका अंगणाच्या कडेला हात जोडून उभे राहिले.

"आईसायेब, एक इचारू का?"

"इचार की."

"तुमी आधी धुवून घ्या. मग म्या घासतो. मग तुमी लांबनं बगा. न्हायतर काय होतंय, पान्यानं माजा इटाळ जातोय पर गंज यायलाय. दोनींतलं येक कायतर ठरवा."

आईसाहेब करारी बाई. त्यांनी आधी घागरींकडं बघितलं, मग झोपाळ्याकडं.

"मग किती दिस धुवायचं न्हाय?"

"रंग वाळंपत्तोर. चार दिस."

अशी त्या घराण्याच्या इतिहासात विटाळाला चार दिवसांची सुट्टी मिळाली. मी हे ऐकून संतापलो होतो. कॉलेजात समतेवर भाषण करून मी कप मिळवलेला होता, कपाटात ठेवण्याचा. मी काकांना म्हणालो, "तुम्ही हात कशाला जोडलेत? काम सोडून यायचं होतं."

"अन् झोपाळा?" ते म्हणाले. "त्यो बिचारा काय कुणाच्या जातीचा न्हाय."

मग नवा दुष्काळ उंबऱ्यावरून उठून घरात शिरला. दिवाळीच्या आधी चार शिंतोडे पडले तेवढेच. ते वाळल्यावर सोपानकाकांनी सहाही बाकडी पुन्हा एकदा मुळापासून घासून रंगवली. विहिरी आटल्या, तलावाच्या तळाला भेगा पडल्या. सरकारनं टँकर मंजूर केले. आमच्या भागाचा टँकर संघाच्या देखरेखीखाली आला, कारण आबासाहेब सगळ्याच समित्यांवर होते. सोपानकाकांच्या वस्तीला रोज एक टँकर. साठ-सत्तर घरं, आणि पाण्याचा दुसरा थेंब नाही. तो टँकर आला तर चूल पेटायची, नाही तर बायका हंडे घेऊन तीन कोस चालायच्या.

नियम असा, की टँकर आधी संघात येणार, नोंद होणार, मग वस्तीवर जाणार. नोंद मी करायचो. आणि नोंद होईपर्यंत टँकर हिरवळीजवळ उभा असायचा, आणि त्याच्या तोटीला एक पाईप लावलेला असायचा.

पहिल्याच दिवशी आबासाहेब माझ्या टेबलाशी आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं अक्षर फार छान आहे. सावकाश लिहीत चला. सरकारी काम आहे, घाई नको."

मी अगदी मोत्यासारखं अक्षर काढायला लागलो. दिनांक, वेळ, गाडीचा क्रमांक, ड्रायव्हरचं नाव, शेरा. खिडकीतून हिरवळ दिसायची. सगळ्या तालुक्यात तेवढाच एक हिरवा तुकडा उरला होता. गुरं कुंपणापाशी येऊन उभी राहायची आणि बघायची.

पंधरा-वीस दिवसांनी सोपानकाका खिडकीशी आले.

"तुमचं अक्षर लई चांगलं हाय, बीएसायेब."

"असं?" मी सुखावलो.

"व्हय. आमच्या वस्तीला रोज अर्दी टाकी पडतंय."

आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून मी भराभर लिहायला लागलो. आबासाहेबांनी एकदा वही उलटून पाहिली आणि "अक्षर बिघडलं की हो तुमचं" असं हसून म्हणाले. मी परत सावकाश लिहायला लागलो. पदवीधर माणसाला नोकरी लागली की तो किती सुवाच्य होतो, ते मला तेव्हा कळलं.

वस्तीनं तहसीलला अर्ज दिला, अंगठ्यांनी भरलेला. आमच्याकडं खुलासा मागितला गेला. 'टँकर नियमितपणे व पूर्ण क्षमतेने पाठविण्यात येतो' हा खुलासा मी लिहिला. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पण वस्तीनं थेट प्रांतसाहेबांकडं दुसरा अर्ज टाकला, आणि हे प्रांतसाहेब नवे, तरुण, अजून कागद वाचायची सवय असलेले. ते स्वतः बघायला येणार असं कळलं.

आबासाहेब गडबडले नाहीत. चार दिवस हातात होते. हिरवळ खणून काढली, ट्रॉल्या भरून मुरूम आणून पसरला, वर रोलर फिरवला. जिथं हिरवळ होती तिथं आता दुष्काळाला शोभेल असं तांबडं मैदान झालं. पुरावा म्हणून काही राहिला असेल तर तो बाकड्यांच्या पायांना राहिला होता. रोजच्या पाण्यात उभी राहून सहाही बाकड्यांचे पाय वीत-वीत गंजले होते.

आबासाहेबांनी सोपानकाकांना बोलावलं. मी तिथंच होतो, कारण त्यांनी मला कागद घेऊन यायला सांगितलं होतं. कागद म्हणजे सोपानकाकांची कायम नेमणुकीची ऑर्डर. टाईप करून तयार. सही तेवढी बाकी.

"सोपाना, ही बघ. नऊ वर्षं म्हणत होतास ना? परवा प्रांत येतायत. सहाही बाकडी नव्यासारखी दिसली पाहिजेत. पायापासून. प्रांतांची गाडी कमानीबाहेर गेली की मी सही केली."

काकांनी कागदाकडं बघितलं. त्यांना अक्षरं रंगवता यायची म्हणून वाचताही यायची. मग खिडकीतून बाकड्यांकडं बघितलं.

"पायापासनं?"

"पायापासून."

"बरं," काका म्हणाले.

दोन दिवस ते बाकड्यांखाली होते. चार दिवसांचं काम त्यांनी दोन दिवसांत कसं बसवलं, मला माहीत नाही. उन्हात अस्तर भाकरीसारखं वाळत होतं. एकामागून एक बाकडी हिरवीगार होत होती. मुरमाच्या त्या तांबड्या मैदानात जणू हिरवळच बाकड्यांवर चढून बसली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पाच बाकडी झाली. सहावं लिंबाखालचं. काकांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतला, फडक्यात गुंडाळला, डालड्याच्या डब्यात ठेवला.

"काका, एक राहिलं," मी म्हणालो.

"व्हय."

"उद्या सकाळी प्रांत येतायत."

"उद्या सकाळी पाचींला रंगाचा दुसरा हात मारायचाय."

"आणि हे?"

ते डबा उचलून चालायला लागले. कमानीपाशी थांबले, मागं वळून त्या गंजलेल्या पायांकडं बघितलं. परत आले. उकिडवे बसले. डब्यातून पातं काढलं, हातात धरलं, आणि परत डब्यात ठेवलं. असं दोनदा झालं. नऊ वर्षांची ऑर्डर त्यांनी एका 'व्हय'वर सोडली, पण गंज तसाच सोडून उठायला त्यांना तिसरी खेप लागली.

"काका, ऑर्डर..."

"म्हाईत हाय, बीएसायेब. वाचली म्या."

सकाळी प्रांतसाहेब आले. धुळीनं माखलेले, थकलेले. हार, नारळ, उप्पीट. त्यांनी नोंदवही मागवली, पानं चाळली. रोज एक टँकर, न चुकता.

"अक्षर कुणाचं आहे?"

"माझं, साहेब."

"सुंदर आहे."

आयुष्यात मला मिळालेल्या शाबासक्यांत ही एकच अशी आहे, जी मी घरी कधी सांगितली नाही.

वीज गेलेली, कचेरीत उकाडा. प्रांतसाहेब म्हणाले, चहा बाहेरच घेऊ. बाहेर पाच बाकडी ओल्या रंगानं चमकत होती आणि प्रत्येकावर सोपानकाकांनी 'रंग ओला आहे' अशी पाटी ठेवली होती. आबासाहेब "खुर्च्या आणा, खुर्च्या!" म्हणून ओरडले. तोवर प्रांतसाहेब लिंबाखालच्या सहाव्या बाकड्यावर जाऊन बसलेसुद्धा. चहा झाला. बशी खाली ठेवताना त्यांचा हात बाकड्याच्या पायाला घासला. त्यांनी हात वर करून बघितला. तांबडा.

"हे एकच का राहिलं?"

आबासाहेबांनी सोपानकाकांकडं असं बघितलं, की रंग असता तर फुगा आला असता. "आमचा रंगारी, साहेब. आळशी आहे जरा."

सोपानकाका झाडाच्या खोडाशी उभे होते, टांगलेल्या कपाच्या खाली.

"आळशी न्हाय, सायेब. नमुन्याला ठिवलंय."

"कसला नमुना?"

"गंजाचा. गंज दोन परकारचा असतोय. पावसाचा गंज वरनं येतो. आदी बसायच्या पट्टीवर चढतो. ही पट्टी बगा, ठणठणीत हाय. अन् ह्ये पाय बगा. चारींला सारकी रेघ, ईतभर. ह्यो खालनं चढल्याला हाय. रोजच्या पान्याचा."

"सोपाना!" आबासाहेब म्हणाले.

"दिवाळीच्या आदी पाऊस झाला, त्येच्यानंतर म्या सहाबी बाकडी मुळापासनं घासली, सायेब. ह्यो गंज त्येच्यानंतरचा. त्येच्यानंतर पाऊस न्हाय."

"मग पाणी कुठलं?"

"त्ये आबासायबांला इचारा. म्या रंगारी मानूस."

प्रांतसाहेब पुढं वाकले. बुटाच्या टोकानं त्यांनी बाकड्याच्या पायाशी मुरूम उकरला. चार बोटं मुरूम निघाला आणि खाली काळी माती लागली, ओली, पांढऱ्या मुळ्यांनी भरलेली. त्यांनी एक मुळी उचलून बोटांत धरली. मग बाकड्यावर थोडं सरकले आणि शेजारी हात थोपटून म्हणाले, "बसा इथं. नीट सांगा मला सगळं."

नऊ वर्षांत त्या बाकड्यांवर काकांना बसा म्हणणारा हा पहिला माणूस. सगळी कचेरी बघत होती. काकांनी बाकड्याकडं बघितलं, मग प्रांतसाहेबांच्या पांढऱ्या पँटकडं.

"बसत न्हाय, सायेब. तुमीबी उठा. गंज लागंल."

त्या दिवसापासून टँकर सरळ वस्तीवर जायला लागला. नोंदही तिथंच, बायकांच्या अंगठ्यांनी. माझ्या सुंदर अक्षराची कुणाला गरज उरली नाही. आबासाहेबांना काही झालं नाही. सहकारात माणसाला काही होत नसतं, जे व्हायचं ते सहकाराला होतं.

सोपानकाकांना मात्र पत्र गेलं. मीच टाईप केलं. 'नेमून दिलेले काम हेतुपुरस्सर अपूर्ण ठेवल्याने आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे.' काकांनी माझ्या टेबलाशी उभं राहून ते सावकाश वाचलं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "येक राह्यलंच की."

पत्र घडी करून खिशात घातलं, बाहेर गेले आणि लिंबाखाली उताणे होऊन सहाव्या बाकड्याच्या खाली शिरले. दिवसभर खरवडण्याचा आवाज येत राहिला. संघाचा आता त्यांच्याशी संबंध नव्हता, तेव्हा त्यांना थांबवायचं कुणी आणि कुठल्या नियमानं, हे मॅनेजरसाहेबांना सुचेना. दुसऱ्या दिवशी अस्तर आणि रंगाचा पहिला हात, तिसऱ्या दिवशी दुसरा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचचा भोंगा वाजला तसा त्यांनी ब्रश धुतला, झाडावरचा आपला कप खिळ्यावरून काढून डालड्याच्या डब्यात टाकला आणि कमानीखालून निघून गेले. या खेपेला मागं वळून बघितलं नाही. बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

पत्राची पोच घ्यायची राहून गेली म्हणून पंधरा दिवसांनी मॅनेजरनी मला वस्तीवर पाठवलं. पोच नसेल तर माणूस कामावरून गेला असं धरता येत नाही म्हणे. मी सायकल मारत गेलो. टँकर नुकताच येऊन गेला होता. रस्त्यात ओल होती, बायकांचं बोलणं होतं, एका घरापुढं कुणीतरी चक्क घोंगडी धुतली होती.

काका दारातच होते. मी कागद पुढं केला. त्यांनी पाटी रंगवावी तशी ठळक सही केली आणि माझा हात धरला.

"या बीएसायेब. तुमाला येक दाकवायचंय."

दाराशी पाण्याचं लोखंडी बॅरल होतं. काठोकाठ भरलेलं. अर्ध्या टाकीत घागरीच जेमतेम भरायच्या, त्यामुळं आधीचे सहा महिने ते रिकामं, उन्हात कोरडं ठणठणीत पडून होतं. काका त्याच्यापुढं उकिडवे बसले आणि बुडाशी बोट दाखवलं. तिथं पाणी झिरपून ओल धरली होती, आणि ओलीच्या वर, सगळ्या गोलाईला, तांबूस रेघ उमटली होती.

"बगा. आमच्याबी दारात गंज आला."

त्यांचा डालड्याचा डबा शेजारीच होता. तारेचा ब्रश वरच दिसत होता.

"घासत नाही का काका?"

"घासू की," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या चार दिस."

मी सायकलवर टांग मारली. वळणावरून मागं बघितलं तर ते तसेच बसले होते. डोळे मिटून त्या रेघेवरून अंगठा फिरवत होते, आणि अंगठा अडत होता.